भिंतीवरची डुकरीणबाई

दारात डुक्कर आलं की एरवी काठी शोधणारे आजोबा सध्या तेच डुक्कर तोंडाने फुगवून भिंतीला चिकटवत बसलेत. नातीचा दुसरा वाढदिवस; थीम 'पेपा पिग'. २००४ मध्ये ब्रिटिश टीव्हीवर अवतरलेल्या या गुलाबी बाईंना चिखलाच्या डबक्यात उड्या मारायचा भारी नाद. नळाला काही दिवसांआड पाणी येणाऱ्या सोलापुरात ही श्रीमंतीच म्हणायची! सूनबाईंनी नवी पेठ पालथी घालून गुलाबी पडदे, टोप्या, पत्रावळीसुद्धा गुलाबी आणल्या. केक मात्र बिनअंड्याचा, घरात सोवळं कडक. वर डुकराचं तोंड चालतं. आत्याने 'छोटा भीम' सुचवला होता. हैदराबादेत जन्मलेला, लाडवांवर जगणारा पोरगा, म्हणजे जवळपास सोयराच, पण "आत्या, ते आता जुनं झालं हो!"

औक्षणाचं ताट घेऊन आजी विचारतात, "अगं, आधी कुणाला ओवाळू, पोरीला की हिला?"

पोरीने तोवर भिंतीकडे बघून भोकाड पसरलंय. फोटोग्राफर घड्याळ बघतोय.

रिटर्न गिफ्टपर्यंत बजेट संपलं, म्हणून तिथे थीम सुटली: प्रत्येकाला एक सोलापुरी टॉवेल. पाहुण्यांनी तेवढाच हात लावून पाहिला, आणि "अजून एक मिळेल का?" म्हणून विचारलं.