भात तरी कोमट द्या

टोकियोत परवडणारी चांगली सुशी मिळत नाही, असं मी म्हणते तेव्हा पुण्याची मंडळी ऐकून घेतात, पण त्यांना ते पटत नाही. सुशी इथे पावलोपावली मिळते: स्टेशनात, सुपरमार्केटात, चोवीस तास उघड्या असलेल्या दुकानांत. चांगली असते तिथे परवडत नाही आणि परवडते तिथे चांगली नसते, ही माझी तक्रार आहे.

एका टोकाला गिन्झातली काउंटरं. आठ-दहा माणसांची जागा आणि रात्रीच्या जेवणाचे 20,000 ते 30,000 येन, म्हणजे बारा ते सतरा हजार रुपये. जेवण उत्तम असतं, त्यात वाद नाही. पण काही ठिकाणी माशाच्या नावापुढे आकडाच नसतो, 'चालू भाव' एवढंच लिहिलेलं असतं. दादरच्या बाजारात कोळणीला भाव विचारल्याशिवाय आपण पापलेटला हात लावत नाही. इथे मात्र विचारणाराच ओशाळा होतो. सुशीचा जन्म काही अशा काउंटरवर झालेला नाही. हाताने वळलेली सुशी एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात एदोमध्ये, म्हणजे याच टोकियोत, रूढ झाली. तिचं श्रेय हानाया योहेई यांना देतात. ती गाड्यांवर विकली जायची. कामावरची माणसं उभ्याउभ्या दोन-चार घास खाऊन पुढे जायची, आणि घास आजच्यापेक्षा मोठा असायचा.

दुसऱ्या टोकाला फिरत्या पट्ट्याची दुकानं. योशिआकी शिराइशी यांना बिअरच्या कारखान्यात पट्ट्यावरून सरकणाऱ्या बाटल्या पाहून ही कल्पना सुचली आणि 1958 साली त्यांनी ओसाकाजवळ पहिलं दुकान काढलं. वाढपी कमी लागले, सुशी स्वस्त झाली, कारखान्यातल्या कामगारालाही ती पोटभर खाता आली. या माणसाबद्दल मला मनापासून आदर आहे. म्हणूनच त्याच्या पट्ट्याचं पुढे जे झालं त्याचा राग येतो.

कर सोडून 100 येनला ताटली, हा भाव मोठ्या साखळ्यांनी वर्षानुवर्षं टिकवला. 2022 च्या ऑक्टोबरमध्ये त्यांतल्या काहींनी तो सोडला. भाववाढीबद्दल माझं काही म्हणणं नाही. येन घसरला, मासे महागले. 2024-25 मध्ये तर तांदळाचा भाव दुपटीच्या आसपास गेला आणि सरकारला राखीव साठा बाजारात काढावा लागला. भाव वाढवा, आणि तसं दारावर लिहा. माझं भांडण आहे ते गुपचूप केलेल्या काटछाटीशी. दोन घासांच्या ताटलीत आता बऱ्याचदा एकच घास येतो. मासा इतका पातळ कापलेला असतो की उचलताना भाताच्या कडा उघड्या पडतात. जाहिरातीतलं खेकड्याचं मांस आणि समुद्री साळिंदराची अंडी आम्ही पोचतो तेव्हा संपलेली असतात. हा निव्वळ माझा संशय नाही: 2022 च्या जूनमध्ये जपानच्या ग्राहक व्यवहार खात्याने अशाच जाहिरातींसाठी एका मोठ्या साखळीवर कारवाई केली होती.

पण सगळ्यात जास्त खटकतो तो भात. सुशीत मासा महाग, म्हणून सगळ्यांचं लक्ष माशावर. सुशीचा जीव मात्र भातात आहे. व्हिनेगर, मीठ आणि साखर घातलेला तो भात अंगाच्या उबेइतका कोमट हवा, दाणा सुटा हवा, आणि गोळा इतक्याच दाबाने वळलेला हवा की बोटांत धरला तर टिकेल आणि जिभेवर ठेवला तर मोकळा होईल. भाताचे गोळे पाडणारं यंत्र जपानमध्ये 1981 सालीच आलं. यंत्राला माझा विरोध नाही. चांगलं यंत्र बरा गोळा पाडतं. पण तो भात गार असतो, घट्ट असतो, वर साखर जास्त. कोमट ठेवायला कितीसा खर्च येतो? तांदळावर वाढलेल्या कोकणी माणसाने हे निमूटपणे का गिळावं?

बाकीचं थोडक्यात. दारात यंत्रातून नंबर घ्यायचा, मग बाकाचा नंबर, मग पडद्यावर बोट. त्या पडद्यावर सुशीच्या आधी केक, तळलेली कोंबडी आणि रामेन येतात. वासाबी पाकिटातून. 2023 च्या जानेवारीत एका पोराने सोया सॉसची बाटली चाटल्याचा व्हिडिओ पसरला, तेव्हापासून अनेक दुकानांत ताटल्या फिरायच्याच थांबल्या. मागितलेली तेवढी ताटली सरळ समोर येते. समोरून जाणारा मासा पाहून ठरवण्याची मजा होती, तीही गेली.

या दोन टोकांच्या मध्ये गल्लीतली जुनी दुकानं होती, आणि अजून थोडी आहेत. नवरा सुशी वळतो, बायको चहा देते. दुपारी साधी, बरी आणि खास अशा तीन प्रतींचं ताट मिळतं. साध्याचा भाव हजार ते दीड हजार येन. भात कोमट, मासा बेताचा पण नीट कापलेला, किंमत भिंतीवर. मला हवी ती सुशी हीच. पण मालक सत्तरीला टेकलेले, मुलं दुसऱ्या नोकऱ्यांत, आणि एक एक शटर खाली येतंय. याची चिंता कोणी करताना दिसत नाही. मासिकं रकाने भरतात ते गिन्झाचे, नाहीतर नव्या वर्षातल्या ट्यूना लिलावाचे, जिथे 2019 साली 278 किलोचा एक मासा 33 कोटी 36 लाख येनला गेला.

ज्यांना दुपारी सुट्टी मिळत नाही त्यांच्यासाठी संध्याकाळचं सुपरमार्केट उरतं. बंद व्हायच्या आधी डब्यांवर अर्ध्या किमतीची चिठ्ठी लागते. डबा स्वस्त पडतो, मासाही वाईट नसतो. भात मात्र दिवसभर फ्रीजमध्ये राहून कडक झालेला असतो. सुशी दुपारनंतर ताजी करून थोडी थोडी बाहेर मांडा, मी पूर्ण किंमत द्यायला तयार आहे.