सहावी 'ब'चे पंचवीस पुढारी

परवा सकाळी शेजारच्या बारा वर्षांच्या पोट्ट्यानं माझ्याशी हस्तांदोलन केलं. 'काका, पेपर झाला का वाचून?' नाही की नुसतं हसणं नाही. सरळ हात पुढे, पंजा घट्ट, नजर माझ्या बुबुळांत रुतलेली आणि वर मला विचारतो, "काका, आजच्या दिवसाचं तुमचं ध्येय काय?" सकाळचे सात वाजले होते. माझ्या हातात दुधाची पिशवी होती. ध्येय काय असणार? चहा!

मग कळलं, पोट्टा लीडरशिपच्या क्लासला जातो. लीडरशिप आणि आत्मविश्वास. सहावी ते आठवी. आणि तो एकटा नाही हो, अख्खी गल्ली जाते! मे महिन्यातलं चंद्रपूर म्हणजे काय ते तुम्हाला ठाऊक आहे. पारा ४५च्या पुढे गेला की इथं कुत्रंसुद्धा नालीतून उठत नाही. अशा दिवसांत सकाळी साडेसहाला एकसारखे टी-शर्ट घातलेली पोरं रांगेनं निघतात, छातीवर इंग्रजीत लिहिलेलं असतं की मी जन्मजात नेता आहे, आणि मागून आई पाण्याची बाटली घेऊन ओरडत धावत असते, "अरे नेत्या, टोपी राहिली!"

आपण काय कमी क्लास पाहिलेत? अबॅकस आला, वैदिक गणित आलं, हस्ताक्षर सुधार आलं. डोळ्यांवर पट्टी बांधून वाचायला शिकवणारेही मध्यंतरी महाराष्ट्रभर हिंडून गेले. पोरं नाकाशेजारच्या फटीतून वाचतात हे अंधश्रद्धा निर्मूलनवाल्यांनी दाखवून दिलं, तेव्हा कुठे तो बाजार उठला. तेव्हाही आपण 'छे छे, असल्या थोतांडाला कोण भुलतं!' म्हणत होतो आणि भाच्याच्या बॅचची फी भरून मोकळे झालो होतो. आता पाळी नेतृत्वाची. फी विचारू नका. महिन्याचा किराणा येतो तेवढ्यात, तुरीच्या डाळीसकट.

खरी गंमत पुढेच आहे. हेच पोरगं तीन वर्षांचं होतं तेव्हापासून आपण त्याला काय शिकवलं? 'मोठ्यांमध्ये बोलू नको.' 'पाहुण्यांसमोर गप बस.' 'उलट उत्तर देतोस?' शाळेत गेलं तर तिथं मॉनिटर. मॉनिटरचं काम काय? बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायची! जो बोलला तो फळ्यावर, जो दोनदा बोलला त्याच्या नावापुढे फुली. नऊ वर्षं आपण फुकटात त्याचं तोंड शिवलं आणि आता ते उसवायला नागपूरहून ट्रेनर बोलावतोय, येण्याजाण्याचा खर्च वेगळा! वा रे आपलं डोकं!

डेल कार्नेगीनं १९१२ साली न्यूयॉर्कच्या एका वायएमसीएत भाषणाचे वर्ग सुरू केले, तेव्हा त्याच्यासमोर बसले होते मोठे बाप्ये, नोकरीधंद्यातले. माल खपवायचा, साहेबासमोर बोलायचं, मीटिंगमध्ये पाय लटपटतात, अशी त्यांची दुखणी होती. आपल्या सहावी 'ब'ला काय खपवायचंय? चिंचा?

शिकवतात काय, तर डोळ्यांत डोळे घालून बोला. नाही म्हणायला शिका. हे दुसरं पोरांनी असं काही आत्मसात केलंय की विचारू नका. कारल्याची भाजी? नाही. गृहपाठ? नाही. "आई, मी माझी सीमारेषा आखतोय." मग 'स्वप्नफलक' म्हणून एक पुठ्ठा असतो, त्यावर मासिकांतली चित्रं कापून चिकटवायची. शेजारच्या पोट्ट्यानं विमान, बंगला आणि एक अगम्य टाय घातलेला गोरा माणूस चिकटवलाय. आणि कहर म्हणजे 'वाघासारखं चाला' हा धडा. अरे बाप्पा, कुठं शिकवताय हे? चंद्रपुरात! ताडोबाच्या भवतालच्या गावांतलं शेंबडं पोरसुद्धा जाणतं की वाघ समोर आला तर पाठ फिरवून पळायचं नाही, त्याच्याकडे तोंड ठेवून हळूहळू मागं सरायचं. देहबोलीचा एवढा पक्का धडा ज्यांना घरी मिळतो, त्यांना नागपूरचा माणूस खांदे ताठ करायला शिकवतोय!

पोट्ट्यानं घरी प्रयोग आजीवर केला. "आजी, पाच वर्षांनंतर तू स्वतःला कुठं पाहतेस?"

आजीनं सुपातले तांदूळ पाखडता पाखडता वर पाहिलं. "राहीन तं सांगीन. तू आधी तो पाय काढ सुपातून."

एका बॅचमध्ये पंचवीस पोरं, आणि पंचवीसच्या पंचवीस नेते. मग शेवटच्या दिवशी सतरंज्या कोण उचलणार? हसू नका, खरंच हा पेच पडला होता. एकेकानं 'मी जबाबदारी वाटून देतो' असं जाहीर केलं, पण वाटून घ्यायला कोणी उरलंच नव्हतं. शेवटी हॉलच्या चौकीदारानं एकट्यानं उचलल्या. पंचवीस पुढारी आणि एक कार्यकर्ता! आपल्या राजकारणाचा याहून नेमका धडा कोणत्या पुस्तकात आहे?

आता तुम्ही म्हणाल, आमच्या चंद्रपूर-गडचिरोली या जंगलातल्या दोन जिल्ह्यांत नेतृत्वाचा एवढा दुष्काळ पडलाय का? अहो, दुष्काळ कसला, इथं तर हे पीक जुनं! मूलजवळच्या सोमनाथला बाबा आमट्यांची श्रमसंस्कार छावणी साठच्या दशकाच्या अखेरीपासून भरते, तीही ऐन मे महिन्यात. कुदळ-फावडं हातात, सकाळभर मातीकाम, मग चर्चा. गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंगांच्या 'सर्च'नं २००६ पासून 'निर्माण' चालवलंय, आयुष्याचं काय करायचं या प्रश्नानं छळलेल्या तरुणांसाठी. मे २०१८ मध्ये 'मिशन शौर्य'त चंद्रपूर जिल्ह्यातल्या आश्रमशाळांची पाच पोरं एव्हरेस्टवर जाऊन उभी राहिली. त्यांना पुठ्ठ्यावर डोंगराचं चित्र चिकटवायला सांगितलं नव्हतं, डोंगर चढायला शिकवलं होतं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखाचं तर बोलूच नका. 'दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार' म्हणणारं हे गाव. सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक वनहक्क मिळवून बसलंय २००९ पासून. तिथं निर्णय मतांनी होत नाही, सगळ्यांची सहमती होईपर्यंत ग्रामसभा बोलत राहते. आमच्या क्लासवाल्यांना तिथं नेलं आणि त्यांनी 'गावाचा लीडर कोण?' असं विचारलं, तर काय उत्तर मिळेल? बहुधा पाणी आणून देतील आणि बसा म्हणतील.

आणि स्टेजची भीती? आमच्या या झाडीपट्टीच्या मुलखात? दिवाळी उलटली की वडशाच्या नाटक कंपन्यांच्या गाड्या निघतात, मंडईच्या, म्हणजे गावजत्रेच्या, निमित्तानं गावोगाव नाटक लागतं. रात्री सुरू झालेलं नाटक उजाडेपर्यंत चालतं. जावई येतात, सोयरिकी जमतात, पोरं आजीच्या मांडीवर झोपतात आणि खलनायकाच्या आरोळीनं दचकून उठतात. दुसऱ्या दिवशी तीच पोरं बैलगाडीवर उभी राहून अख्खा तिसरा अंक करून दाखवतात, रडण्यासकट. या रंगभूमीसाठी परशुराम खुणे यांना २०२३ साली पद्मश्री मिळाली. आणि आपण म्हणतो, पोट्टे बुजरे आहेत, माईक धरायला शिकवा!

बुजरे असतात ते कुठं, हेही जरा बघा ना. भामरागडकडचं पोरगं घरी माडियात धबाधबा बोलतं, नदीवर बोलतं, झाडावर चढून बोलतं. शाळेत मराठीत आलं की अडखळतं. इंग्रजी आलं की मुकं होतं. आपण लगेच शेरा मारतो, 'आत्मविश्वासाचा अभाव.' भाषा आपण काढून घ्यायची आणि अभाव त्याच्या नावावर मांडायचा! (हे जरा गंभीर झालं. माफ करा. क्लासमध्ये शिकवतात की मध्येच गंभीर झालं की लोक टाळ्या वाजवतात.)

जिल्हा परिषदेच्या शाळेत तर हा क्लास रोज भरतो, बिनफीचा. परिपाठ म्हणतात त्याला. प्रतिज्ञा, सुविचार, दिनविशेष, बातम्या, बोधकथा, पाळीपाळीनं सगळ्यांना पुढे यावं लागतं. शिवाय शालेय मंत्रिमंडळ. मोबाईलचं मतदान यंत्र करून निवडणूक होते, बोटाला शाई लागते. आरोग्यमंत्री नखं तपासतो. आहारमंत्री खिचडीच्या पातेल्यापाशी उभा राहतो आणि स्वतःच्या वर्गाला वरून जास्त वाढतो. काय शिकायचं राहिलं यात?

एवढं सगळं सुनावायचं ठरवूनच मी त्या बॅचच्या समारोपाला गेलो होतो. (गेलो होतो, हो. पोट्ट्यानं डोळ्यांत डोळे घालून बोलावलं, 'नाही' म्हणायला मी अजून शिकलेलो नाही.) फुगे, बॅनर, व्यासपीठावर कुठल्याशा खात्याचे एक साहेब. एकामागून एक पोरं आली. सगळ्यांची सुरुवात एकच, सगळ्यांचा उजवा हात एकाच वाक्याला वर. चौथ्या भाषणाला पालक मोबाईलमध्ये, पाचव्याला साहेबही. मग एक सातवीतली मुलगी आली, सावली तालुक्यातल्या कुठल्याशा गावची. दोन वाक्यं बोलली आणि थांबली. हॉलभर पंख्याचा आवाज. ट्रेनर खालून ओठ हलवून पुढचं वाक्य पुरवतोय. ती त्याच्याकडे बघेचना.

"पाठ केलेलं डोक्यातून गेलं जी," ती माईकमध्ये म्हणाली. "पण आमच्या गावाजवळचा पूल अर्धाच हाय, थे सांगू का?"

कोणीतरी मागून म्हणालं, "हव, सांग!"

आणि तिनं सांगितलं. पावसाळ्यात दप्तर डोक्यावर धरून कसं जावं लागते, कोणत्या वळणावर पाणी कमरेला लागते, मागच्या साली कोणाची सायकल वाहून गेली, ते ठेकेदाराचं लोखंड कुठं गंजत पडून हाय. हात एकदाही वर गेला नाही. साहेबांनी मोबाईल खिशात ठेवला, पाण्याचा घोट घेतला, मग पुन्हा मोबाईल काढला. पालक मात्र कान देऊन ऐकत होते. ट्रेनर डोकं धरून बसला होता. नंतर पहिल्या नंबरचं सर्टिफिकेट उजवा हात वर करणाऱ्या एका मुलाला मिळालं, कारण गुण 'देहबोली'ला जास्त होते.

तर असा हा थिल्लरपणा. पण म्हणून बंद होतोय का? नाव नको! उलट आता मोठ्यांना लागण झालीय. आमच्या ओळखीच्या एक बाई भिशीच्या बैठकीत 'पहिल्यांदा आपण एकमेकींच्या बलस्थानांबद्दल बोलू या' म्हणाल्या, आणि भिशी कोणाला लागली ते साडेसातपर्यंत कळलं नाही. गोल बाजारात एक गृहस्थ भेंड्यांचा भाव करताना भाजीवालीच्या डोळ्यांत इतके रोखून बघत राहिले की तिनं पदर सावरला आणि भाव दहा रुपयांनी वाढवला. एक निवृत्त हेडमास्तर, ज्यांच्या नुसत्या खोकण्यानं चाळीस वर्षं वर्ग चिडीचूप व्हायचे, नातवाची क्लासची वही वाचून आरशासमोर 'मी बोलू शकतो' म्हणतात.

आणि आता हसताय ते तुम्ही! तुम्ही काय केलंत? गेल्या आठवड्यात साहेबाच्या केबिनमध्ये शिरण्याआधी दारापाशी थांबून पोटातून तीन श्वास घेतलेत ना? कुठून शिकलात ते? पोरीच्या वहीच्या पान नंबर चारवर आहे. मीही पाहिलंय. सोसायटीच्या सभेत माझ्याकडे आभारप्रदर्शन होतं, तेव्हा न्हाणीघरात दार लावून, नळ सोडून, छाती पुढे काढून पाच वेळा म्हणून पाहिलं. बाहेरून बायकोनं विचारलं, "कोणाशी बोलता?" मी आत्मविश्वासानं सांगितलं, "कोणाशी नाही." सभेत पाय लटपटलेच, पण पूर्वीपेक्षा कमी.

तर बातमी अशी की पालकांसाठी रविवारी सकाळी वेगळी बॅच सुरू होतेय. साडेसहा ते आठ, ऊन चढायच्या आत. दोनच जागा शिल्लक होत्या, त्यातली एक काल संध्याकाळी भरली. कोणी भरली ते विचारू नका. फक्त एवढी विनंती आहे की तिथं ओळखीचं कोणी दिसलं, तर कृपा करून त्याच्या डोळ्यांत डोळे घालून बघू नका.