झिरो माइलवरून पेनल्टी कॉर्नर

हॉकीवर नागपूरकरांचं फार प्रेम आहे. इतकं, की तिला दृष्ट लागू नये म्हणून आम्ही तिच्याकडे पाहतच नाही.

2026 चा पुरुषांचा हॉकी विश्वचषक 15 ते 30 ऑगस्टदरम्यान नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये आहे. ही खबर तर्रीपोह्याच्या ठेल्यावर सांगून पाहा. सगळे अदबीने गप्प होतात. मग कोणीतरी भीतभीत विचारतो, "आपली टीम आहे का त्याच्यात?" आहे. 2025 च्या सप्टेंबरात बिहारमधल्या राजगीरला आपण आशिया चषक जिंकला, अंतिम सामन्यात दक्षिण कोरियाला 4-1 हरवलं आणि थेट पात्र ठरलो. यावर ठेलेवाल्यासकट सगळे एका सुरात म्हणतात, "आशिया कप? तो त दुबईत झाला न भाऊ! ट्रॉफीच नाही देल्ली आपल्याले!"

तो क्रिकेटचा. एकाच महिन्यात देशाने दोन आशिया चषक जिंकले. एक हातात आला, तो कोणाला ठाऊक नाही. दुसरा हातात आला नाही, त्याची बित्तंबातमी शेंबड्या पोरालाही आहे.

पण म्हणून नागपूरचा आणि हॉकीचा संबंध नाही असं कोणी म्हणू नये. आमच्याकडे कागद आहेत. 1928 साली ॲमस्टरडॅम ऑलिंपिकसाठी भारताचा पहिला संघ निवडायचा म्हणून कलकत्त्यात आंतरप्रांतीय स्पर्धा झाली. खेळायला आले पाच प्रांत: संयुक्त प्रांत, पंजाब, बंगाल, राजपुताना आणि मध्य प्रांत. आता मध्य प्रांताची राजधानी कोणती? नागपूर! या प्रांताचे दोन गडी, रेक्स नॉरिस आणि मायकेल रॉक, संघात निवडले गेले. त्या संघाने ऑलिंपिकमध्ये 29 गोल केले, एकही खाल्ला नाही आणि अंतिम सामन्यात यजमान डचांना 3-0 असं लोळवलं. गोल ध्यानचंदांनी केले हे मान्य, पण राजधानी आमची होती.

यातले नॉरिससाहेब पुढे 1950 च्या दशकात चक्क त्याच डचांचे प्रशिक्षक झाले. डच शिकले. 1973 साली ॲमस्टेलवीनच्या विश्वचषकात अंतिम सामन्यात आपण 2-0 ने पुढे होतो. त्यांनी बरोबरी साधली आणि पेनल्टी स्ट्रोकवर चषक ठेवून घेतला. नंतर 1990 आणि 1998 साली आणखी दोनदा. विद्या दिल्याने वाढते हे खरंच आहे. फक्त ज्याला दिली त्याच्याकडे वाढते. यंदाही काही सामने ॲमस्टेलवीनलाच आहेत. आपले खेळाडू तिथे पाहुणे म्हणून नव्हे, तर थकलेली फी वसूल करायला जात आहेत, असं नागपूरने समजावं.

दुसरा कागद लेस्ली क्लॉडियसचा. तीन ऑलिंपिक सुवर्णं आणि एक रौप्य. जन्म 1927, बिलासपूर. बिलासपूर तेव्हा कोणत्या प्रांतात? आमच्या! आणि हा गडी आधी फुटबॉल खेळायचा. त्याच्या हातात हॉकी आली ती बंगाल नागपूर रेल्वेत. नावात नागपूर आहे, लक्षात घ्या. त्या रेल्वेचं मुख्यालय कलकत्त्याला आणि क्लॉडियस सापडला खरगपूरला, हा तपशील आम्ही वगळतो. नाव आपलं आणि ऑफिस दुसरीकडे, याची नागपूरला जुनी सवय आहे.

मग हे सगळं वैभव गेलं कुठे? 1956 च्या राज्य पुनर्रचनेत गेलं. जबलपूर आणि बिलासपूर मध्य प्रदेशाकडे गेलं, सोबत तिथल्या रेल्वे कॉलनीतले हॉकीवालेही गेले, आणि आम्हाला मिळालं हिवाळी अधिवेशन. त्यातही ड्रिबलिंग भरपूर असतं, चेंडू एकमेकांकडे झकास ढकलला जातो, फक्त गोल होत नाही.

बरं, वेगळा विदर्भ अजून झाला नाही म्हणून जे हळहळतात त्यांनी खेळाकडे पाहावं. तिथे तो कधीचाच झालेला आहे. क्रिकेटमध्ये विदर्भ वेगळा, हॉकीतही विदर्भ हॉकी असोसिएशन वेगळी. क्रिकेटच्या वेगळ्या विदर्भाने तीनदा रणजी करंडक जिंकला आणि जामठ्याला 45,000 माणसं बसतील एवढं स्टेडियम बांधलं. हॉकीच्या वेगळ्या विदर्भाची चौकशी करणारा अजून ठेल्यावर भेटायचा आहे.

आता मुद्द्याचं. विश्वचषक नागपुरात का भरू नये? महाराष्ट्रात तो एकदाच आला, 1981-82 च्या हिवाळ्यात, मुंबईला. आपण पाचवे आलो, चषक पाकिस्तानने नेला आणि मुंबई पुन्हा क्रिकेट पाहू लागली. त्यानंतर 2010 ला दिल्ली, 2018 ला भुवनेश्वर, 2023 ला भुवनेश्वर आणि राउरकेला. राउरकेला! तिथे बिरसा मुंडांच्या नावाने वीसेक हजार खुर्च्यांचं हॉकी स्टेडियम उभं राहिलं. ज्युनियर विश्वचषक 2025 साली चेन्नई-मदुराईला झाला. राजगीरचं वर आलंच. म्हणजे पोलादाचं गाव चालतं, मंदिराचं गाव चालतं, आणि देशाच्या मधोमध झिरो माइलचा खांब रोवून बसलेलं शहर चालत नाही?

कट्ट्यावर यावर सखोल विचार झाला आणि अडचण फक्त ऋतूंची आहे असं निघालं. हिवाळ्यात भरवावा तर अधिवेशन. सगळ्या खोल्या साहेबांच्या, साहेबांच्या पीएंच्या आणि पीएंच्या पाहुण्यांच्या. बेल्जियमचा गोलकीपर उतरणार कुठे? पावसाळ्यात भरवावा तर सिमेंट रोडवरचं पाणी स्टेडियमच्या आधी लोकांच्या घरात शिरतं. राहिला उन्हाळा. तर 1976 च्या माँट्रियल ऑलिंपिकपासून मोठी हॉकी हिरवळीवरून टर्फवर गेली, आणि ही टर्फ सामन्याआधी पाण्याने भिजवावी लागते. साधारण 91 मीटर लांब आणि 55 मीटर रुंद. मे महिन्यात, 45 अंशांत, ज्याच्या घरी ड्रम घेऊन टँकरची वाट पाहणं चालू आहे त्याला जाऊन सांगा, की बाप्पा, आज कूलरमध्ये नको टाकू, तिकडे जर्मनीचा पेनल्टी कॉर्नर आहे.

असो. सुविधा नसल्या तरी जाणकार आहेत. प्रत्येक ठेल्यावर एक निवृत्त काका असतातच, ज्यांनी 1975 चा अंतिम सामना रेडिओवर ऐकलेला असतो. क्वालालंपूर, समोर पाकिस्तान, 2-1, अशोककुमारांचा गोल. तेवढा एक विश्वचषक आपण जिंकला. काकांच्या तोंडून तो ऐकताना अंगावर काटा येतो, आणि चेंडू खांबाला लागून आत गेला की बाहेर गेला यावर पाकिस्तानात चालतो तेवढाच वाद ठेल्यावरही चालतो. त्यानंतर आपण एकदाही उपांत्य फेरी गाठली नाही. 1986 ला लंडनमध्ये बारा संघांत बारावे आलो, 2023 ला घरच्या मैदानावर न्यूझीलंडने शूटआउटमध्ये घरी पाठवलं. म्हणजे घरीच होतो, तरी पाठवलं. ही वर्षं काकांच्या रेडिओला लागली नसावीत.

हेच काका मोबाइलवर सामना पाहताना मधूनच ओरडतात, "ऑफसाइड!" हॉकीतला ऑफसाइड नव्वदच्या दशकातच रद्द झाला. दोन अर्ध जाऊन पंधरा-पंधरा मिनिटांचे चार क्वार्टर आले. कोणीतरी हळूच हे सांगितलं, की काका चष्मा काढून पुसतात आणि निकाल देतात, "म्हणूनच हरून राहिलो न बे आपण!"

तरीही हॉकी रोज पेपरात असते, हे विसरून चालणार नाही. फक्त, क्रीडा पानावर नव्हे, गुन्हे वार्तेत. 'जुन्या वादातून हॉकी स्टिकने मारहाण, चौघांवर गुन्हा.' खात्री नसेल तर खेळाच्या सामानाच्या कुठल्याही दुकानात जाऊन स्टिक मागा. दुकानदार तुम्हाला खालपासून वरपर्यंत न्याहाळतो आणि विचारतो, "खेळायले पाहिजे, का गाडीत ठेवायले?" खेळायला म्हटलं तर त्याचा चेहरा पडतो. माळ्यावर शिडी लावावी लागते, कार्बन फायबरची वेगळी, सराव करायची वेगळी, वजन विचारावं लागतं, उंची विचारावी लागते. गाडीतली मात्र काउंटरमागेच उभी असते. लाकडी, जाड, टेप गुंडाळलेली. तिला ना वजन विचारतात, ना उंची. या शहरात स्टिक हाताळणारे कमी नाहीत, फक्त त्यांच्या सामन्याला पंच नसतो, पंचनामा असतो.

कोणी म्हणेल, राष्ट्रीय खेळाची ही अवस्था? तर तोही गैरसमज आहे. 2012 साली माहितीच्या अधिकारात विचारणा झाली, तेव्हा केंद्र सरकारने सांगितलं की असा कोणताही खेळ राष्ट्रीय म्हणून घोषितच केलेला नाही. पिढ्यान्‌पिढ्या सामान्यज्ञानाच्या पुस्तकांतून पाठ केलेलं उत्तर सरकारदरबारी नव्हतंच. पण पोरं अजून तेच लिहितात, मास्तर अजून एक मार्क देतात. हॉकीने देशाला आठ ऑलिंपिक सुवर्णं दिली, देशाने हॉकीला हा एक मार्क दिला. हिशेब चुकता.

खरं सांगायचं तर हॉकी हा आमच्या घरातला पितर आहे. वर्षातून एकदा, 29 ऑगस्टला, राष्ट्रीय क्रीडा दिनी, ध्यानचंदांच्या फोटोला हार घालायचा, तोंड भरून गुण गायचे, पान वाढायचं आणि मोकळं व्हायचं. पितराने मधेच उठून 'मला मैदान द्या' म्हटलं, तर घरच्यांची बोबडीच वळेल. यंदा नेमका घोटाळा असा, की शनिवारी 29 तारीख आहे आणि रविवारी 30 ला विश्वचषकाचा अंतिम सामना. आदल्या दिवशी हार घालून आलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी प्रत्यक्ष खेळही पाहायचा, म्हणजे ओव्हरटाइमच की!

ओडिशाचं मात्र कौतुक वाटतं. महाराष्ट्रापेक्षा कितीतरी गरीब म्हणवलं जाणारं ते राज्य 2018 पासून राष्ट्रीय संघांचं प्रायोजक आहे. त्या आधाराने टोकियोत आणि पॅरिसमध्ये पुरुषांनी लागोपाठ दोन कांस्यपदकं आणली. 2024-25 ला हॉकी इंडिया लीग पुन्हा सुरू झाली, तेव्हा पुरुषांचे आठ संघ उतरले. त्यांत महाराष्ट्राचा एकही नव्हता. ज्या राज्यातल्या खडकीने चार ऑलिंपिक आणि चार विश्वचषक खेळलेला धनराज पिल्ले दिला, त्या राज्याने बहुधा असा विचार केला असेल की आपला वाटा देऊन झाला.

सामने संपले की पंधरवड्याच्या आत तान्हा पोळा येईल. काळी-पिवळी मारबत निघेल, 'घेऊन जा गे मारबत' म्हणत अख्खं नागपूर रस्त्यावर येईल आणि सोबत बडग्यांची रांग असेल. महागाईचा बडग्या, खड्ड्यांचा, पुढाऱ्यांचा, शेजारच्या देशाचा. ज्याच्यावर म्हणून नागपूरचा राग आहे, त्याचा पुतळा करून शिव्या घालत जाळायचा, ही इथली शंभराहून जास्त वर्षांची रीत. या सगळ्या काळात हॉकी संघ कितीदा हरला, शेवटून पहिलाही आला. पण हॉकीचा बडग्या कधी निघाल्याचं ऐकलं आहे का कोणी? बडग्या होण्यासाठीसुद्धा आधी लोकांच्या शिव्या कमवाव्या लागतात.