तोळाभर रॅम

मध्यमवर्गीय माणसाच्या आळसाला आजवर एकाच वस्तूने व्याज दिलं, ती म्हणजे कॉम्प्युटर. फ्लॅट आज घेतला नाही तर उद्या महाग. तूरडाळीचं तेच. सोन्याचं तर विचारूच नका. कॉम्प्युटर मात्र न घेण्यातच फायदा होता. ‘दसऱ्याला बघू’ म्हणावं, दसरा आला की ‘दिवाळीत ऑफर असते’ म्हणावं, दिवाळी उलटली की पेपरातून डोकं वर न काढता ‘मार्च एंडला दुकानदार माल काढतात’ एवढं पुटपुटावं. दोन वर्षांनी तेवढ्याच पैशांत दुप्पट मशीन मिळायचं. या चालढकलीला शास्त्राधार होता. पुढे इंटेल काढणाऱ्या गॉर्डन मूर यांनी १९६५ सालीच लिहून ठेवलं होतं की, चिपवरचे ट्रान्झिस्टर दरवर्षी दुप्पट होत जाणार. १९७५ मध्ये त्यांनी हिशेब सुधारून दर दोन वर्षांवर आणला. मूरसाहेबांचं नाव आमच्या घरात कोणी ऐकलं नव्हतं, पण त्यांचा नियम आमच्याइतक्या निष्ठेने इंटेलमध्येही कोणी पाळला नसेल.

त्या निष्ठेचं फळ म्हणून २०१३ साली असेंबल केलेला पीसी हॉलच्या कोपऱ्यात अजून नांदतो आहे. तिसऱ्या जनरेशनचा आय-थ्री, ४ जीबी रॅम, ५०० जीबीची हार्ड डिस्क. कॅबिनेटच्या कपाळावर खंडेनवमीचं हळदकुंकू इतकं साठलंय की खाली कंपनीचं नाव होतं हे सांगावं लागतं. यूपीएस वीज गेली की ओरडून ती बातमी देतो आणि लगेच विजेच्या मागोमाग जातो. सकाळी बटण दाबून चहा टाकायचा, चहा संपेपर्यंत डेस्कटॉप येतो. आयकॉन यायला बिस्किटं.

कोणाची तक्रार नव्हती. मग मायक्रोसॉफ्टने १४ ऑक्टोबर २०२५ ला, ऐन दिवाळीच्या तोंडावर, विंडोज १० ची देखभाल थांबवली. विंडोज ११ घ्या म्हणाले. त्याला टीपीएम २.० नावाची सोय लागते आणि प्रोसेसर इंटेलचा असेल तर साधारण आठव्या जनरेशनचा तरी लागतो. थोडक्यात, किमान पात्रता आठवी पास, आणि आमचा तिसरीतला. इतकी वर्षं इमानेइतबारे वीजबिलं भरली, दाखल्यांचे अर्ज केले, लॉकडाऊनमध्ये दोन भावंडांच्या दोन शाळा आलटूनपालटून चालवल्या, पण ऐन वेळी शिक्षण कमी पडलं. पुढे आपल्या चांगल्या परिचयाचा प्रकार झाला : मुदतवाढ. ऑक्टोबर २०२६ पर्यंत सुरक्षेचे अपडेट मिळतील, त्यासाठी तीस डॉलर भरा. किंवा कंपनीच्या खात्यातून लॉगिन करून आपल्या सेटिंग्ज त्यांच्याकडे ठेवायला द्या, मग फुकट. तीस डॉलरच्या पर्यायावर आमच्या घरात चर्चासुद्धा झाली नाही.

चर्चा झाली ती बजेटवर. बारा हजार ठरले. चिरंजीवांना ‘प्रोजेक्टसाठी’ ग्राफिक्स कार्ड हवं होतं. प्रोजेक्टमध्ये बंदुका किती आहेत हे विचारल्यावर मागणी मागे घेण्यात आली. भाचा लिनक्सवाला. त्याच्या मते बारा हजारही वाचतात, कारण लिनक्स मिंट फुकट मिळतं आणि जुन्या मशीनवर छान चालतं. हे खरंच आहे. पण ते टाकून झाल्यावर प्रिंटर का चालत नाही, हे विचारायला गेलं की भाचा फोन उचलत नाही. सरकारने तोवर २२ सप्टेंबरपासून जीएसटी उतरवला होता. एसी आणि मोठे टीव्ही २८ वरून १८ टक्क्यांवर आले, आणि कॉम्प्युटर आधी होता तिथेच, १८ वर राहिला. पडून बघायचं यंत्र स्वस्त, बसून काम करायचं यंत्र होतं तसंच. धोरणात सातत्य आहे.

सौ.नी मात्र मुळावर बोट ठेवलं. ‘‘आहे त्याला काय झालंय?’’

काहीही झालेलं नव्हतं. त्याच्यावर चालणारी सॉफ्टवेअर सुटली होती. विंडोज ९५ ला किमान ४ एमबी रॅम लागायची, विंडोज ११ ला किमान ४ जीबी लागते. हजारपट. या तीस वर्षांत सोसायटीच्या सेक्रेटरीला लिहायचं पत्र तेवढंच राहिलं, गळतीसुद्धा तीच आहे.

गल्लीतला दुरुस्तीवाला आमच्या बाजूचा माणूस. त्याचा सल्ला थोडक्यात असा, की नवा घेऊ नका, हार्ड डिस्कच्या जागी एसएसडी टाका, ४ जीबी रॅम वाढवा, पस्तीस-चाळीस रुपयांचा बॅटरीचा सेल बदला म्हणजे दर वेळी तारीख मागे जाणार नाही. पुढची पाच वर्षं बघायला नको. सेकंडहँड घ्यायचाच तर ऑफिसातून निवृत्त झालेला डेल किंवा एचपी घ्या, पण आठवी पास आहे ना ते बघून. अशा डब्यांच्या कुशीवर एखाद्या आयटी कंपनीचा मालमत्ता-क्रमांक अजून चिकटलेला असतो. तो काढू नये. घरात कोणीतरी मल्टिनॅशनलमध्ये होतं, असं वाटत राहतं.

बोलता बोलता त्याने आमची रॅम उपसली, खिशातून खोडरबर काढलं आणि तिच्या खालच्या सोनेरी दातांवर वरून खाली, वरून खाली फिरवलं. फुंकर मारली, परत बसवली, दोन्ही कानांनी ‘टक’ केलं. मशीन चालू. भारतातली निम्मी संगणक-चिकित्सा या खोडरबरावर उभी आहे, आणि तिचा एमएस-सीआयटीच्या अभ्यासक्रमात समावेश नाही हे दुर्दैव. त्या दातांना खरंच सोन्याचा मुलामा असतो. पातळ, पण सोन्याचा. त्या दिवशी ती गोष्ट मी हसण्यावारी नेली.

मग रॅम आणायला लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. भडकमकर मार्ग, तोंडात लॅमिंग्टन रोड. ग्रँट रोड स्टेशनवरून चालत. दुकानदाराने भाव सांगितला तो ऐकून मी विचारलं, ‘‘एकीचा की डझनाचा?’’ त्याने पाणी पुढे केलं. गिऱ्हाईक बसून घेणार हे त्याला आता ओळखता येत असावं. मी म्हटलं, ‘‘घरी विचारून संध्याकाळी येतो.’’ तो म्हणाला, ‘‘अंकल, भाव अभी का है, शाम का नहीं.’’

हे वाक्य मी याआधी फक्त झवेरी बाजारात ऐकलं होतं.

कारण विचारलं तर त्याने छताकडे बोट दाखवलं. ‘‘एआय.’’ कारण खरं आहे. जगातली बहुतेक रॅम तीन कंपन्या करतात : सॅमसंग, एसके हायनिक्स आणि मायक्रॉन. एआयच्या डेटा सेंटरना लागणारी खास मेमरी त्याच कारखान्यांत बनते, सिलिकॉनचे वेफर जास्त खाते आणि पैसेही जास्त देते. ज्या ऑक्टोबरात मायक्रोसॉफ्टने आम्हाला नवं मशीन घ्या म्हणून बजावलं, त्याच ऑक्टोबरात ओपनएआयने कोरियाच्या दोन कंपन्यांशी बोलणी केली, आणि आकडा महिन्याला ९ लाख वेफरपर्यंतचा होता. म्हणजे एका हाताने पानावर बसवलं आणि दुसऱ्याने पातेलं उचलून नेलं. डिसेंबरात मायक्रॉनने कळवलं की घरगुती गिऱ्हाइकांना विकायचा ‘क्रुशियल’ हा आपला ब्रँडच आता बंद. तीस-एक वर्षांचा संसार होता. याच मायक्रॉनचा चिपच्या जुळणी-चाचणीचा कारखाना गुजरातेत साणंदला आहे. तळेगावला २०२२ मध्ये चिपचा कारखाना येता येता राहिला, तोही गुजरातेत गेला आणि तिथेही उभा राहिला नाही, हे आठवून मराठी माणसाला क्षणभर बरं वाटतं. पण त्याने रॅम स्वस्त होत नाही.

काही महिन्यांत भाव दुप्पट-तिप्पट झाले. एसएसडीही त्याच घराण्यातली, तीही चढू लागली. मूरसाहेबांचा नियम चिपपुरता असेल तर असो, दुकानाच्या काउंटरवर तो मोडला, आणि चालढकल ही आमची एकमेव गुंतवणूक बुडाली. आता एखाद्या पेढीने रॅमसाठी मासिक बचत योजना काढावी, अकरा हप्ते तुमचे आणि बारावा आमचा. गुरुपुष्यामृताला दुकानं रात्री दहापर्यंत उघडी राहावीत. बसवून देण्याचे पैसे दुकानदार घेतोच, त्याला घडणावळ म्हणावं. लग्नाच्या याद्यांत ‘मुलीला पाच तोळे आणि १६ जीबी’ असं यायला हरकत नाही. फक्त डीडीआर-फोर की फाइव्ह हे आधी ठरवून घ्यावं, कारण खाच वेगळ्या जागी असते आणि एकीची दुसऱ्या घरात बसत नाही. पत्रिका जुळवण्यापेक्षा हे सोपं आहे.

आमची अडचण त्याच खाचेची. आमच्या मशीनला डीडीआर-थ्री लागते. दुकानदार म्हणाला, नवी मिळणं कठीण, जुन्या मशीनमधून काढलेली येते, आली की जाते. मग त्याने माझ्याकडे जरा निरखून पाहिलं. ‘‘आपके पास कितनी है?’’

‘‘चार जीबी.’’

‘‘एक चार की, या दो-दो?’’

त्याचा स्वर एकदम आदराचा झाला होता. एकच चारची आहे असं कळल्यावर त्याने कॅल्क्युलेटर ओढला, आकडा मारला आणि माझ्याकडे फिरवला.

बाहेर येऊन मी घरी फोन लावला. बारा हजारांत काय बसतं ते सांगून झालं, म्हणजे काही बसत नाही हे सांगून झालं, आणि गंमत म्हणून त्या कॅल्क्युलेटरवरचा आकडाही सांगितला. पलीकडे कुकरची एक शिट्टी होईपर्यंत शांतता होती.

‘‘एवढे देतोय? मग आधी ते खोडरबर घासणं थांबवा म्हणावं त्या मेल्याला. सोनं झिजतं.’’