निर्यातराव, केळीचे खांब परत घ्या

प्रति,
श्री. निर्यातराव,
मु. ऑर्ग-मोड, पो. ईमॅक्स.

सा. न. वि. वि.

आपलं घराणं मोठं. ॲमस्टरडॅमच्या कार्स्टन डॉमिनिक या खगोलशास्त्रज्ञाने २००३ साली स्वतःच्या कामांचा पसारा आवरायला ईमॅक्स या मजकूर-संपादकासाठी ऑर्ग-मोड लिहिलं. साध्या मजकुराची फाइल, तीत कामं आणि तारखा; तिचं वेबपान करून बाहेर धाडणं हे आपलं खातं. ग्रहताऱ्यांचा हिशेब ठेवणाऱ्याच्या घरी तारीख कशी हरवेल, अशा भाबड्या समजुतीने मी साताऱ्यात बसून बहिणीच्या लग्नाची यादी आपल्या हवाली केली आणि आपण बनवलेलं वेबपान सांगलीला मामांना धाडलं. कार्य सांगलीलाच होतं. (सांगली जिल्हा १९४९ ते १९६० दक्षिण सातारा म्हणून नांदला. सातारकर अजून तसंच समजून हुकूम सोडतात, असं मामांचं जुनं म्हणणं.)

प्रत्येक कामाखाली मी ‘डेडलाइन’ लिहून तारीख घातली होती. आपण त्या झाडून गाळल्यात. मुहूर्ताची तारीख मी नुसती कंसात लिहिली होती, ती मात्र सुखरूप पोचली. वर, कुणी न मागता, पानाच्या तळाशी माझं नाव आणि पान तयार झाल्याची तारीख-वेळ छापलीत. मामा निवृत्त तलाठी. खाली नाव, तारीख, वेळ दिसल्यावर तो त्यांच्या लेखी आदेश झाला, आणि त्याच दिवशी त्यांनी पहिलं काम उरकलं. पहिलं काम होतं केळीचे खांब. लग्नाला २३ दिवस होते.

माझी रात्र गेली तेव्हा उलगडा झाला. डेडलाइन आणि शेड्यूल्ड या ओळींना आपण ‘नियोजन’ म्हणता आणि सांगितल्याशिवाय बाहेर सोडत नाही. फाइलीच्या डोक्यावर ऑप्शन्सच्या ओळीत पी, पुढे विसर्गासारखी दोन टिंबं, पुढे टी, एवढं लिहिलं की सगळ्या तारखा हजर! तळाची तारीख-वेळ नको असेल तर त्याच ओळीत टाइमस्टँप, टिंबं, निल. लग्नाच्या यादीत नियोजन लपवायचं, ही कल्पना कुणाला सुचली असेल?

तारखा आल्या त्याही वर्ष पुढे घालून: २०२५-०२-०६. मामांचा फोन, “सहा फेब्रुवारी का दोन जून रं?” मग तारखेचा साचा बदलून दिवस आधी, महिना मग, वर्ष शेवटी असं केलं. फाइलीत तारीख जुन्याच वेषात राहते, फक्त बाहेर पडताना कपडे बदलते.

तारखांच्या या कपडेबदलाला आम्ही सरावलेले आहोत म्हणा. शिवराज्याभिषेक ज्येष्ठ शुद्ध १३, शके १५९६ चा. आपण सगळे ६ जून १६७४ म्हणतो, ती जुन्या ज्युलियन गणनेची. आजच्या कॅलेंडरने १६ जून येते. दहा दिवस इकडचे तिकडे झाले खरे, पण तिथी गाळून तिच्या जागी ‘आज’ कुणी लिहिलं नव्हतं.

खांब मामांच्या अंगणात वाळताहेत. मांडववाल्याने ते बघून फक्त “लवकर आणलेत” म्हटलं.

आपला,
एक सातारकर भाचा

ता. क. पत्राखाली मी तारीख घातलेली नाही. आपण घालालच.