चिंचोक्यांचं बिऱ्हाड

पहिलीच्या वर्गात अंकांच्या आधी चिंचोके राहायला येतात. हल्ली साहित्यपेटीत रंगीत ठोकळे असतात, मण्यांच्या माळा असतात. पण चिंचोक्याची सर त्यांना नाही. तो गुळगुळीत, तपकिरी, मुठीची ऊब धरून ठेवणारा. अडचण एवढीच, की आपण संख्या आहोत हे त्याला कुणी सांगितलेलं नसतं. बाई म्हणतात, ‘सात मोज.’ मूल मोजू लागतं आणि तिसऱ्यालाच थबकतं, कारण तो भलताच टपोरा आहे. चौथा फुटका निघतो. हा एक धरायचा की नाही? प्रश्न मोठा तालेवार, थेट अपूर्णांकाच्या उंबऱ्याशी नेणारा. पण अपूर्णांकांना अजून अवकाश असल्याने बाई तो तुकडा खिडकीबाहेर टाकतात. पाचवा फरशीवर घासघासून शेजाऱ्याच्या दंडाला चटका द्यायला रवाना होतो. सातातून दोन वजा. इतकी खरीखुरी वजाबाकी पुढे पदवीपर्यंत भेटत नाही.

संख्या अशी हाताला कळावी यासाठी मारिया माँटेसरींनी सोनेरी मणी योजले: सुटा एक, दहांची कांडी, शंभरांचा चौरस, हजारांचा घन. तो घन उचलताना हजार ही संख्या मनगटाला कळते. कागदावरच्या हजाराला वजन नसतं. माँटेसरीबाई 1939मध्ये भारतात आल्या आणि युद्धामुळे इथेच राहिल्या. त्याच सुमारास, 1945मध्ये, ताराबाई मोडकांनी अनुताई वाघांना सोबत घेऊन बोर्डीला बालवाडीचं काम मांडलं. ते महागडं साहित्य खेड्याला कुठून परवडणार? मग खडे, पानं, बिया, शिंपले असं आसपासचंच साहित्य त्यांनी हाती घेतलं. सोन्याचं काम बियांनी केलं, आणि बियांना त्याचा गर्व झाल्याचं ऐकिवात नाही.

दुसरीत काड्या येतात. दहा काड्या, वर रबर, झाला दशक. बेचाळिसातून सतरा काढायचे, तर चार गठ्ठ्यांतला एक सोडावाच लागतो. सुट्या काड्या बारा होतात, त्यांतल्या सात उचलायच्या. मोठ्यांना ही निव्वळ रीत वाटते. पण तो गठ्ठा जिने टोकं जुळवून, जीभ दातांत धरून बांधलेला असतो, तिला विचारा. एकत्र कुटुंबातून एकाला वेगळं काढावं तशी ती रबराकडे बघत राहते. शेवटी सोडते, सात काड्या जातात, पाच उरतात, आणखी एक अख्खा गठ्ठा बाईंच्या हवाली होतो. ‘पंचवीस,’ ती म्हणते, काहीशी रागानेच.

‘शाब्बास. लिही वहीत.’

ती लिहीत नाही. ‘बाई, माझ्या सात काड्या द्या आधी. आणि दोन उसन्या घेतल्या होत्या का कुणी? कारण यात एक छोटी आलीय, ती माझी नाही.’