रातराणीचा साप

डोकं दुखतं म्हणतेस? दुखणारच गं. तुझी खिडकी बघ ना, थेट रातराणीच्या तोंडावर! झाड आमचं, पाणी मी घालायचं आणि वास मात्र सगळा तुमच्या खोलीत. आम्हाला मुद्दाम अंगणात येऊन बसावं लागतं. हवं तर तुमच्या बाजूच्या फांद्या छाटून देते. पण छाटली की नव्या फुटव्यांवर आणखी फुलते हो ती. आधीच सांगून ठेवते, नाहीतर म्हणशील, काकूंनी फसवलं.

एवढा वास कशाला म्हणजे? पतंगांसाठी! जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलंय मी. फूल एवढंसं, हिरवट पांढरं, बारीक नळीसारखं. दिवसा मिटलेलं, कुणी ढुंकूनही बघत नाही. अंधारात रंग दाखवून उपयोग काय? म्हणून वासानं बोलवायचं. आपल्याला वाटतं ही इथलीच, पण मूळची वेस्ट इंडीजकडची. कुळ वांग्या-बटाट्याचं. तंबाखूही त्यातलाच. हसू नकोस, त्या तंबाखूवरच यायचंय मला. आणि हो, फुलांनंतर पांढऱ्या मण्यांसारखी फळं धरतात ना, ती विषारी. लेकाला हात लावू देऊ नकोस.

माझं आजोळ वाईचं. मे महिन्यात आम्ही सगळी भावंडं अंगणात ओळीनं झोपायचो. परसदाराशी ही भलीमोठी रातराणी माजलेली, आणि तिच्यापलीकडे पेरूचं झाड. पण रात्री तिकडे फिरकायची कुणाची छाती नव्हती. का, तर मामानं सांगून ठेवलेलं, वासाला नाग येतो. तो स्वतः रोज जेवण झालं की काठी आपटत जायचा, म्हणे बघून येतो. आम्हाला केवढा अभिमान! एका रात्री मावसभावानं मला हलवून उठवलं. झुडपाआड लालभडक ठिपका, मोठा होतोय, बारीक होतोय. तो कानात म्हणाला, नागमणी! माझी तर वाचाच बसली. गोधडी डोक्यावरून घेतली ती उजाडल्यावर काढली.

दुसऱ्या दिवशी पंगतीत त्यानं नागमणीची बातमी फोडली. मामा आमटीत बघत बसला. आजी वाढता वाढता म्हणाली, "हो, मला रोज झाडताना त्या नागाची थोटकं सापडतात." मिशीवाला, दोन पोरांचा बाप, पण आईसमोर विडी ओढायची प्राज्ञा नव्हती! रातराणीच्या घमघमाटात धुराचा वास लपतो, हे त्यानं हेरलेलं. आणि पोरं मागे येऊ नयेत म्हणून नाग सोडलेला. आजीला कधीपासून ठाऊक होतं कोण जाणे. बोलली नव्हती एवढंच. मामी मात्र महिनाभर त्याला "नागोबा, जेवायला या" म्हणायची.

तेव्हापासून रातराणी फुलली की मला विडीचा वास येतो बघ. लोकांना कसल्या कसल्या हळव्या आठवणी येतात, आपलं हे असं!

नाही गं, वासाला साप येत नाही. दाट झुडूप, खाली ओल, किडेमकोडे, त्यांच्यामागे बेडूक आणि पाली. मग एखादं जनावर भक्ष्याच्या शोधात आलं तर आलं. बुंध्याशी पालापाचोळा साठू द्यायचा नाही, झालं. तो मी साफच ठेवते. काल संध्याकाळीच झाडलं.

हो, त्यावरून आठवलं. रागावणार नसशील तर विचारते. तुझे मामंजी परवा नातवाला ओरडत होते, कुंपणाकडे जाऊ नकोस, तिथे साप आहे म्हणून. आणि स्वतः मात्र रात्री शतपावली घालतात ती इथेच, ह्या कोपऱ्यात. डॉक्टरांनी सिगारेट बंद केली म्हणालीस ना त्यांची? नक्की बंद केलीय का गं?